प्रार्थना कोरडी पडली, म्हणजे मी मागे गेले का?

एका ताईंचं पत्र आलंय. नाव देत नाही, ओळख पटेल असे तपशीलही गाळलेत. वय 36. बारा वर्षांपूर्वी त्यांनी मनापासून प्रभूवर विश्वास ठेवला, सुरुवातीची वर्षं पहाटे उठून तास तास प्रार्थना चालायची, बायबलमधलं वचन वाचताना डोळे भरून यायचे. मग वडील आजारी पडले, दीड वर्ष अंथरुणावर होते, चर्चच्या सगळ्या मंडळीने उपास-प्रार्थना केल्या, आणि वडील गेले. त्याला आता 14 महिने झालेत. आईची स्मृती जात चाललीये आणि तिचं सगळं ह्याच करतात. ह्या 14 महिन्यांत प्रार्थनेला बसलं की पाच मिनिटांत मन उठतं, गाणी नुसती ओठांवर, बायबल उघडलं तर एक ओळ आत जात नाही. एका विश्वासी बहिणीने सांगितलं की तुझ्या जीवनात कुठलंतरी लपलेलं पाप असणार, तीन दिवस उपास कर आणि शोध. त्यांनी केला, पाप काही सापडलं नाही, चक्कर मात्र आली. सहा वर्षं संडे स्कूलला शिकवतात, आता मुलांसमोर उभं राहताना ढोंगी असल्यासारखं वाटतं. त्या विचारतात: "मला पवित्रतेत वाढायचं होतं, मी तर रोज खाली घसरतेय. देव माझ्यावर नाराज आहे का? आणि मी संडे स्कूल सोडून देऊ का?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका जागी थांबले. ते तुम्ही मध्येच, जाता जाता लिहिलंय, आपण किती वाईट झालोय ह्याचा पुरावा म्हणून. आई रोज रात्री विचारते की बाबा अजून कसे आले नाहीत, आणि एका रात्री अकराव्यांदा विचारल्यावर तुम्ही ओरडलात, "गेले ते, किती वेळा सांगू." आई घाबरून भिंतीकडे सरकली. तुम्ही बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडलात, मग परत आलात, पलंगाच्या कडेला बसलात, तिचा पाय हातात घेतला आणि म्हणालात, "आई, माफ कर मला." तोपर्यंत आई सगळं विसरली होती. तिने विचारलं, "कशाबद्दल गं?"

तुम्ही ह्यातलं फक्त ओरडणं मोजलंय. मला बाकीचंही दिसतंय. जिला सकाळी काही आठवणार नाही, जिच्या माफ करण्याने तुमचं काही बनणार-बिघडणार नाही, जिथे बघायला दुसरं कुणी नव्हतं, आत देव आहे असं वाटतही नव्हतं, अशा वेळी तुम्ही परत गेलात आणि माफी मागितलीत. ताई, बारा वर्षांपूर्वी पहाटे डोळे भरून यायचे तेव्हा हे तुम्हाला जमलं असतं का, हे मला माहीत नाही, पण तुम्हाला कदाचित माहीत असेल. जरा आठवून बघा.

तुमच्या पूर्ण पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे आणि ती तुम्ही कुठेच तपासलेली नाही. ती म्हणजे पवित्रता ही प्रार्थनेत काय वाटतं ह्यावर मोजायची असते. रडू आलं, मन भरून आलं, वचन काळजाला भिडलं की मी वर चाललेय. कोरडं वाटलं की मी खाली चाललेय. हे माप तुम्हाला कुणी दिलं? बायबलने तर नाही.

आपल्या भाषेत पवित्र म्हटलं की डोक्यात काय येतं बघा, निर्मळ, डाग नसलेलं, कुणी हात लावला तर विटाळेल असं काहीतरी. बायबलमध्ये ह्या शब्दाचा मूळ अर्थ आहे देवासाठी वेगळं काढून ठेवलेलं. निर्गमच्या 30 व्या अध्यायात दर्शनमंडप, मेज, दीपवृक्ष, वेदी आणि त्यांची सगळी भांडीकुंडी तेलाने अभिषेक करून पवित्र केली जातात. भांडी. त्या भांड्यांना काय वाटत होतं हा प्रश्नच नव्हता, ती कुणाची आहेत हा प्रश्न होता. आणि प्रभू येशूकडे आल्यावर तर विटाळाची गोष्ट उलटीच होते, मार्कच्या पहिल्याच अध्यायात तो कुष्ठरोग्याला हात लावतो आणि घाण त्याच्याकडे येत नाही, शुद्धता त्या माणसाकडे जाते. म्हणजे पवित्रता ही आपण जपून, झाकून, डाग लागू न देता सांभाळायची वस्तू नाहीये, ती त्याच्याकडून आपल्याकडे येत राहते, आपण ज्या अवस्थेत असू त्या अवस्थेत.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा पहिल्याच परिच्छेदात त्यांना ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले असं म्हटलंय, आणि मग पुढे पानंच्या पानं त्यांना रागावलाय, भांडणं, गटबाजी, कोर्टकचेऱ्या, प्रभुभोजनाच्या वेळी एकाने भरपेट खायचं आणि दुसऱ्याने उपाशी राहायचं. म्हणजे पवित्र असणं आणि पवित्रतेत वाढणं ह्या दोन गोष्टी आहेत, पहिली त्याने दिलेली, दुसरी आयुष्यभर चालणारी. तुम्ही दुसरीत अडखळलात की पहिली गेली असं समजताय.

आणि वाढ म्हणाल तर गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळांची नावं आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. ह्यातली निम्म्याहून जास्त फळं अशी आहेत की समोर दुसरं माणूस असल्याशिवाय ती दिसूच शकत नाहीत. सहनशीलता एकट्याने खोलीत डोळे मिटून बसून कशी येणार, ती अकराव्यांदा तोच प्रश्न ऐकतानाच येणार. आणि फळ आहे, त्याला वेळ लागतो, बोट लावून आज किती पिकलं बघत राहिलं की त्याला फक्त डाग पडतात.

आता लपलेल्या पापाबद्दल. त्या बहिणीचा हेतू चांगलाच असेल, पण तिचा सल्ला मला पटत नाही. बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा आधी सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, आणि ते त्यांनी अगदी बरोबर केलं. नंतर तोंड उघडलं आणि हेच म्हणाले, काहीतरी पाप असणार तुझं. पुस्तकाच्या शेवटी, 42 व्या अध्यायात, देव रागावतो तो ह्या मित्रांवर. योहानाच्या 9 व्या अध्यायात जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी तोच प्रश्न विचारला की पाप कुणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापाने, प्रभू म्हणाला ह्यानेही नाही आणि त्यांनीही नाही. इतकं स्पष्ट उत्तर असताना आपण पुन्हा पुन्हा तिथेच का जातो? मला वाटतं कारण सापडलं की आपल्याला बरं वाटतं, ज्याला त्रास होतोय त्याला नाही, सांगणाऱ्याला.

संत इग्नेशियस लोयोला, हा मुळात सैनिक, 1521 साली लढाईत पाय मोडून महिनोन्महिने पडून होता आणि तिथे मनात येणाऱ्या-जाणाऱ्या विचारांवर लक्ष ठेवायला शिकला. त्याने आत्मिक कोरडेपणाची तीन कारणं सांगितलीत. एक, आपण स्वतः ढिले पडलो, प्रार्थनेचा आळस केला. दोन, गोडवा मिळत नसताना आपण देवाची सेवा कुठवर करतो हे दिसावं म्हणून. तीन, आधी जो गोडवा मिळत होता तो आपल्या कर्तबगारीने आलेला नव्हता, ती देणगी होती, हे आपल्याला कळावं म्हणून. तीनातलं एकच कारण आपल्या चुकीचं आहे. ते तपासा जरूर, मी नको म्हणत नाहीये, पण तुम्ही तीन दिवस उपाशी राहून तपासलंय, आता पुरे.

एक फरक लक्षात ठेवा, तुमच्यासारख्या अनेकींना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगते. पवित्र आत्मा जेव्हा पाप दाखवतो तेव्हा ते नेमकं असतं. अमक्या दिवशी, अमक्या माणसाशी, हे बोललीस. आणि त्याच्याबरोबर वाटही असते, जा आणि माफी माग. तुम्हाला त्या रात्री नेमकं हेच झालं, पाच मिनिटांत कळलं, पाच मिनिटांत गेलात, झालं, ते पाप आता प्रभूच्या क्रुसाखाली आहे, ते पुन्हा उकरायचा हक्क तुम्हालाही नाही. पण जे धुक्यासारखं असतं, तू वाईटच आहेस, काहीतरी चुकतंय, काय ते सांगणार नाही पण चुकतंय, आणि ज्यातून पुढे कुठलाच रस्ता निघत नाही, तो आत्म्याचा आवाज नाही. प्रकटीकरणात सैतानाला आपल्या बंधूंना दोष देणारा म्हटलंय, रात्रंदिवस दोष देणारा. तो नेमकं काही सांगत नाही कारण नेमकं सांगितलं तर तुम्ही कबूल करून मोकळ्या व्हाल.

तुम्ही विचारलंय की मी कोमट झालेय का. सोळाव्या शतकात क्रूसाचा संत योहान होऊन गेला, स्पेनचा. त्याच्याच मठवासी संघातल्या बंधूंनी त्याला 1577 च्या डिसेंबरात पकडून टोलेडोत एका अंधाऱ्या अरुंद कोठडीत डांबलं, तो पुढच्या ऑगस्टात निसटला, तिथे बसून त्याने कविता केल्या. कोरडेपणा कधी आपल्या ढिलाईतून येतो आणि कधी देव आपल्याला पुढे नेत असतो म्हणून येतो, हे ओळखायच्या त्याने खुणा सांगितल्यात. त्यातली एक तुमच्यासाठी आहे. जो खरोखर कोमट झालाय त्याला देवाचं काही पडलेलंच नसतं. त्याला टोचणी लागत नाही. ज्याला सतत वाटत राहतं की मी देवाची नीट सेवा करत नाहीये, मी मागे चाललेय, आणि ह्याने तो कासावीस होतो, तो कोमट नसतो. तुमचं चार पानी पत्र म्हणजे अथपासून इतिपर्यंत ही टोचणीच आहे.

पौलाकडे बघा. करिंथकरांना लिहितो, मी प्रेषितांमध्ये सर्वात लहान. इफिसकरांस पत्रात, मी सगळ्या पवित्र जनांमध्ये लहानाहून लहान. तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात, मी पाप्यांमध्ये मुख्य. वर्षं सरतायत तशी भाषा खाली खाली येतेय. म्हणजे तो घसरत चालला होता का? तुमचंही तसंच, आधी स्वतःचा चिडकेपणा तुमच्या लक्षातही येत नसेल, आता येतो आणि झोप उडवतो.

पण ताई, मला खरं जे विचारायचंय ते वेगळंच आहे. तुमच्या पूर्ण पत्रात वडिलांच्या जाण्याबद्दल एकच वाक्य आहे, "प्रभूच्या इच्छेने ते प्रभूकडे गेले." बस. दीड वर्ष उपास, रात्रीच्या प्रार्थना, तेल लावून प्रार्थना, लोकांनी दिलेली वचनं की बरे होतील, आणि मग एक दिवस ते गेले, आणि त्याबद्दल एक वाक्य, तेही मंडळीत उभं राहून बोलतात तसलं. तुम्ही देवाला विचारलंत का, की का? तुम्ही त्याच्यावर रागावलात का? रागावल्या असाल असं मला वाटतं आणि ते तुम्ही त्याला सांगितलेलं नाही असंही वाटतं. ज्याच्यावर राग आहे आणि ज्याला राग सांगायचा नाही असं ठरवलंय, त्याच्यासमोर पाच मिनिटांच्या वर कोण बसू शकेल? घरातल्या माणसासमोरही बसवत नाही. बोलायचं तेच सोडून बाकी सगळं बोलायचं म्हटलं की बोलणं कोरडंच होणार.

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातली जवळपास तिसरा हिस्सा विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत किती काळ, किती काळ असं चारदा विचारलंय. 88 वं तर असं आहे की शेवटी सुद्धा उजेड येत नाही, शेवटचा शब्दच अंधार आहे, "तरी मी तुझी स्तुती करीन" वगैरे काही नाही. आणि हे स्तोत्र कुणीतरी बायबलमध्ये ठेवलंय, गाण्यासाठी ठेवलंय. देवाला हे असं बोललेलं चालतं, इतकंच नाही, त्याने बोलायला शब्दही देऊन ठेवलेत. आणि क्रुसावर प्रभूच्या तोंडी आलं ते 22 व्या स्तोत्राचं पहिलं वचन, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. देवाच्या पुत्राने का हा शब्द वापरला, तर तुम्हाला का मनाई असेल?

वडिलांचं जाणं हा तुम्हाला शिकवायला दिलेला धडा होता असं मी म्हणणार नाही आणि कुणी म्हटलं तर ऐकू नका. मित्र लाजराच्या कबरेपाशी प्रभू रडला, दोन मिनिटांनी आपण त्याला उठवणार आहोत हे माहीत असूनही रडला.

माझं सांगते थोडं. मी साधारण तुमच्याच वयाची असताना दोन वर्षं अशीच गेली, कारण वेगळं होतं, ते इथे महत्त्वाचं नाही. मंडळीतल्या एक वयस्कर बाई गुरुवारी दुपारी घरी यायच्या. पहिल्या दिवशी मी म्हटलं मला प्रार्थना येत नाही, त्यांनी मला काही समजावलं नाही, खुर्ची ओढली, चष्मा पुसला, आणि आमच्या स्वर्गातील पित्या, सुरू केलं, सावकाश, एकेक ओळ थांबून थांबून. संपलं तेव्हा म्हणाल्या, "आज तू नुसतं आमेन म्हण, बाकीचं मी म्हणते." कितीतरी गुरुवार मी फक्त आमेन म्हणत होते. कधी कधी तेही उशिरा म्हणायचे. त्या वाट बघायच्या. नंतर कधीतरी, कधी ते मला खरंच सांगता येणार नाही, मी अर्ध्यातून त्यांच्याबरोबर म्हणायला लागले. काही उजेड पडला नाही, काही कंप सुटला नाही. पण आज जी काही प्रार्थना माझ्याकडे आहे ती त्या खुर्चीपासून सुरू झालेली आहे, आणि आधीची जी भरून येणारी प्रार्थना होती तिच्यापेक्षा ही जास्त टिकाऊ आहे असं मला वाटतं.

तर आता काय करायचं. आधी शरीराचं बोलते कारण ते आपण विश्वासी लोक सगळ्यात शेवटी बघतो. संदेष्टा एलीया 1 राजे 19 मध्ये झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, प्रभू, माझा जीव घे. देवाने त्याला काय सांगितलं? काहीच नाही, झोपू दिलं. मग देवदूताने हलवून म्हटलं, ऊठ, खा. खाऊन तो परत झोपला. परत हलवलं, ऊठ, खा, वाट लांबची आहे. होरेब डोंगरावर त्याला देवाचा हळुवार आवाज ऐकू आला तो ह्या सगळ्यानंतर, चाळीस दिवसांनी. तुम्ही लिहिलंय की रात्री आई तीन-चारदा उठते म्हणून तुमची सलग झोप झालेली नाही, किती महिने ते तुम्हालाही आठवत नाही. ताई, अशा डोक्यात वचन आत जात नाही हे पाप नाही, ही थकावट आहे. कुणाला तरी, भाऊ, नातेवाईक, मंडळीतलं कुणी, आठवड्यातल्या दोन रात्री आईजवळ झोपायला सांगा. विचारायला लाज वाटेल, तरी विचारा, एकमेकांची ओझी वाहा हे वचन दोन्ही बाजूंनी आहे, वाहू द्यावं पण लागतं. आणि सध्या उपास बंद.

आणि डॉक्टरला भेटा. सतत रडू येणं, किंवा रडूच न येणं, भूक मरणं, कशातच रस न वाटणं, सकाळी उठावंसंच न वाटणं, हे आठवड्यांमागून आठवडे चालू असेल तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. त्या क्रूसाच्या योहानानेसुद्धा लिहून ठेवलंय की आत्मिक कोरडेपणात कधी कधी शरीराची उदासीही मिसळलेली असते. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही. आणि हे वाचणाऱ्या कुणाला जगणं नको असं वाटत असेल तर आजच, हे वाचून झाल्यावर लगेच, घरातल्या एका माणसाला ते शब्दांत सांगा आणि डॉक्टरकडे जा, उद्यावर टाकू नका.

प्रार्थनेचं माझं म्हणणं असं की ती लहान करा पण सोडू नका. तासाचं ओझं उतरवा. दहा मिनिटं ठरवा, घड्याळ लावा, आणि त्या दहा मिनिटांत काही झालं नाही तरी दहा मिनिटं बसा, काही झालं तरी दहालाच उठा. स्वतःचे शब्द येत नसतील तर उसने घ्या, स्तोत्रं घ्या, प्रभूची प्रार्थना घ्या, तीच ती पुन्हा पुन्हा म्हटली तरी चालते, गेथशेमाने बागेत प्रभूने तिसऱ्यांदाही तेच शब्द म्हणून प्रार्थना केली असं मत्तयाने लिहिलंय. स्तोत्र मोठ्याने वाचा, मनात नाही, मोठ्याने, कानांना ऐकू जाईल असं. मन भटकलं की ओळीवर परत या, रागावू नका स्वतःवर. आणि अजिबात शब्द नसतील तेव्हा रोमकरांस पत्राच्या 8 व्या अध्यायाचं 26 वं वचन धरा, आपल्याला प्रार्थना कशी करावी ते कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मागतो. बसून नुसतं उसासे टाकलेत तरी तिथे प्रार्थना चालू आहे.

त्या दहा मिनिटांत एकदा, एकदाच, वडिलांबद्दल जे बोललेलं नाही ते बोला. बोलवत नसेल तर देवाला पत्र लिहा, मला लिहिलंत तसं, त्यात मंडळीतली भाषा वापरू नका, घरात बोलता तशी वापरा.

रात्री झोपायच्या आधी दिवसावर एकदा नजर टाका, दोन मिनिटं, जास्त नाही. आज कुठे प्रेम केलं गेलं माझ्याकडून, कुठे चुकलं, आणि उद्या एका माणसाशी काय वेगळं करायचं. पहिला प्रश्न आधी घ्या, तुमच्यासारख्यांना तो गाळायची सवय असते. चुकलेलं नेमकं असेल तर कबूल करा, माणसाची माफी मागायची असेल तर मागा, आणि झोपा. पवित्रतेत वाढणं म्हणजे बऱ्याचदा ह्याहून मोठं काही नसतं, उद्याची एक लहानशी आज्ञा, ती पाळणं, परवाची एक. कोरड्या काळात ही वाढ दिसत नाही, पण भावनेचं बक्षीस नसताना पाळलेली आज्ञा आत कुठेतरी फार खोल जाते असा माझा अनुभव आहे.

मंडळीत जात राहा. गाणं येत नसेल तर गप्प उभ्या राहा, बाकीचे गातायत ते तुमच्या वाटचं पण आहे. प्रभुभोजन घ्या, लायक वाटतं म्हणून ते कुणीच घेत नाही. फोनवर येणारे विजयाच्या साक्षींचे व्हिडिओ मात्र काही दिवस बाजूला ठेवा, वाईट आहेत म्हणून नाही, तुम्ही सध्या त्यातून फक्त तुलना उचलताय. आणि एक माणूस शोधा, एकच, जो सल्ला देणार नाही. मला त्या गुरुवारच्या बाई मिळाल्या, तुम्हाला कोण मिळेल सांगता येत नाही, मागा. ती उपास सांगणारी बहीण सध्या ह्यासाठी योग्य नाही, तिच्यावर राग न धरता थोडं अंतर ठेवा.

आता संडे स्कूल. इग्नेशियसचाच एक नियम आहे, कोरड्या काळात आधीचे निर्णय बदलायचे नाहीत. अंधारात रस्ता दिसत नसताना वळण घेऊ नये, उजेडात जे ठरवलं होतं त्यावर चालत राहावं. तुम्ही सहा वर्षांपूर्वी हे काम प्रार्थना करून घेतलंत ना? मग लाजेपोटी सोडू नका. थकव्यापोटी सुट्टी घेणं मात्र वेगळं, ती घ्या, पाळकांना खरं कारण सांगून दोन महिने मागा किंवा एका आड एक रविवारी दुसरं कुणी शिकवेल असं बघा. ढोंग म्हणजे आत नसताना आहे असं दाखवणं. आत अंधार असून मुलांना प्रभूची गोष्ट खरी आहे म्हणून सांगत राहणं ह्याला विश्वासूपणा म्हणतात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली झाला, आणि त्यांनी स्वतःच पुढे लिहिलंय की त्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडलेला नाही. विधवांसाठीचं शारदा सदन त्यांनी 1889 ला सुरू केलं, म्हणजे हे लक्षात यायच्या आधी. आतलं अपुरं होतं तरी काम थांबलं नव्हतं, आणि त्या कामातून ज्या विधवा मुली उभ्या राहिल्या त्यांचं उभं राहणं खोटं नव्हतं. मदर तेरेसांची पत्रं त्या गेल्यावर दहा वर्षांनी, 2007 ला प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत देव जाणवत नव्हता. लिझ्यूची संत तेरेसा, वय अवघं 24, क्षयाने गेली, शेवटचं दीड वर्ष, 1896 च्या पुनरुत्थानाच्या सणापासून, स्वर्ग आहे की नाही ह्याचाच अंधार तिच्या मनात होता, आणि ती मठातल्या सोबतच्या बहिणींशी हसून बोलत राहिली. ह्यांना मी मोठी माणसं म्हणून पुढे करत नाहीये. ह्यांच्या हातून जे प्रेम लोकांपर्यंत पोचलं ते त्यांच्या भावनेतून आलं नव्हतं, एवढंच बघा.

देव नाराज आहे का हे तुम्ही विचारलंय, त्याला मी लांब उत्तर देणार नाही. शिष्य पेत्र आपल्याला नाकारणार हे प्रभूला आधीच माहीत होतं, आणि त्याने आधीच सांगून ठेवलं, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. केली आहे. तुम्ही विनंती करू शकत नाही त्या 14 महिन्यांत ती चालू होती.

बाकीच्यांसाठी दोन शब्द, कारण ह्या पत्रासारखी पत्रं बरीच येतात आणि सगळ्यांची गोष्ट एक नसते. तुमच्या कोरडेपणामागे खरंच एखादी गोष्ट असेल जी तुम्हाला नावानिशी माहीत आहे आणि सोडायची नाहीये, तर वर जे लिहिलंय ते तुमच्यासाठी नाही, तुमच्यासाठी कबुली आहे, आजची, एका भरवशाच्या माणसासमोर. आणि मंडळीतल्याच कुणी तुम्हाला दुखावलंय, वापरलंय, म्हणून प्रार्थनेची खोलीच नकोशी झालीये, तर आधी सुरक्षित जागी जा, तिथून दूर होणं म्हणजे देवापासून दूर होणं नाही.

ताई, आज रात्री एक करून बघा. आईला झोपवताना तिच्याजवळ बसून तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा, सहाच वचनं आहेत. ती मध्येच बाबांचं विचारेल. विचारू दे, ती पण किती काळ हेच विचारतेय. वाचून झालं की तिला म्हणा, आई, आज तू नुसतं आमेन म्हण.